डाळ शिजणारं पाणी

आमच्या घरात पाण्याच्या तीन जाती आहेत: वापरायचं, प्यायचं आणि डाळीचं. ही वर्गवारी आईची. वापरायचं म्हणजे बोअरचं. प्यायचं म्हणजे पूर्वी नळाचं, आता आरओचं. आणि डाळीचं म्हणजे तुरीची डाळ ज्यात शिजते ते. माझ्या लहानपणी ते तीन गल्ल्या पलीकडच्या आडातून यायचं. दुसऱ्या पाण्यात डाळ लावली की तासभर रटरट उकळायची, वर फेस यायचा, पण दाणा काही फुटायचा नाही. मग आई चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायची आणि वर त्या पाण्याला दोन शिव्या.

या तीन जातींत चार वर्षांपूर्वी चौथीची भर पडली, ती माझ्यामुळे. मशीनचं पाणी. ते जमायला मला दीड वर्ष लागलं आणि एक हीटर गमवावा लागला. मी परतूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. पाण्याचं परीक्षण मुलांकडून करून घेणं हे माझं रोजचं काम. तरीही पहिले सहा महिने मी घरच्या पाण्याचा एक थेंबही तपासला नाही. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

मुलगी मुंबईला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसजवळचं छोटं कॅफे बंद पडलं. त्यांचं एका कपाचं एस्प्रेसो मशीन तिनं स्वस्तात घेतलं आणि दिवाळीला येताना रेल्वेनं घेऊन आली. वीस-बावीस किलोचं लोखंडी धूड. परतूर स्टेशनवर उतरवताना एकानं विचारलं, "वेल्डिंगचं हाय का?" मुलगी म्हणाली, "नाही काका, कॉफीचं." त्यांनी एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि काही न बोलता दुसऱ्या बाजूनं हात लावला.

मशीनच्या पोटात पावणेदोन लिटरचा तांब्याचा बॉयलर. त्यात कायम १२० अंशांच्या आसपास पाणी आणि वर वाफ, दाब एक-सव्वा बार. त्याच बॉयलरमधून एक नळी आरपार जाते, तिच्यात कॉफीचं पाणी तापतं आणि पंप ते ९ बार दाबानं कॉफीच्या भुकटीतून ढकलतो. १८ ग्रॅम भुकटी, पंचवीस-तीस सेकंद, एवढाच सगळा मामला. मला ते पाहिल्याबरोबर आमचा बंब आठवला. तांब्याची टाकी, मध्ये विस्तव, वर झाकण. पुढे वाचनात आलं की मिलानच्या लुइजी बेझेरानं १९०१ साली ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्या घराण्यातली सुरुवातीची यंत्रं खरोखरच उभ्या बंबासारखी दिसायची. म्हणजे मी फार चुकलो नव्हतो.

बंब आठवला तर बंबाचं दुखणंही आठवायला हवं होतं. दर दोन-तीन वर्षांनी वडील तो उलटा करून आतून ठोकायचे आणि घमेलंभर पांढऱ्या खपल्या निघायच्या. आमचा सगळा भाग काळ्या खडकाचा, बेसॉल्टचा. पाऊस मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन जातो, खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवतो आणि बोअरमध्ये येतो तो बायकार्बोनेट घेऊन. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, गावात जड पाणी. पुस्तकात पुढं असंही लिहिलेलं असतं की बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा अस्थायी असतो, पाणी उकळलं की जातो. वीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो. जातो खरा. पण जातो म्हणजे भांड्याला चिकटतो, हे वाक्य पुस्तकात ठळक अक्षरांत नसतं.

मी काय केलं, तर जे पाणी हाताशी होतं ते टाकीत ओतलं. नळाला पाणी आलं की नळाचं, नाही तर बोअरचं. कॉफी बरी व्हायची. थोडी मातकट, थोडी बोथट, आंबटपणाचा पत्ता नाही. मला वाटलं हीच एस्प्रेसोची चव असेल, कारण आधी कुठं प्यायलो होतो? मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, फळासारखी चव लागते का?" मी म्हणायचो, "कुठल्या फळासारखी?"

फेब्रुवारीत वाफेची नळी फुसफुसायला लागली. मग बॉयलर तापायला दहाऐवजी वीस मिनिटं लागायला लागली. मार्चमध्ये एक दिवस मशीन चालू केलं आणि घरातलं वीजगळती पकडणारं ईएलसीबी पडलं. उचललं, पुन्हा पडलं. संभाजीनगरहून कारागीर आला. त्यानं बॉयलर उघडून टॉर्च मारला आणि मला बोलावलं. आत तांबं कुठं दिसतच नव्हतं. चुन्याचा पोचारा मारलेली भिंत असावी तसा सगळा पांढरा-पिवळा थर, आणि हीटरवर तर बोटाएवढा जाड गाठाळ लेप. त्या लेपातून हीटरची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून हीटर आतल्या आत जास्त तापला, वरचं आवरण तडकलं आणि वीज पाण्यात उतरायला लागली. ईएलसीबी नसतं तर ती मशीनच्या लोखंडी अंगावर आली असती आणि तिथून ओल्या हाताच्या माणसावर. आमच्याकडं अर्थिंग किती घरांत नीट असतं, ते वेगळं सांगायला नको. कारागिरानं आणखी एक गोष्ट दाखवली: सुरक्षा झडपेच्या तोंडाशी खपली अडकलेली होती. दाब वाढला तर सुटण्याची तीच एक वाट.

नवा हीटर मुंबईहून मागवला. बॉयलर सायट्रिक अ‍ॅसिडनं धुतला, तीन दिवस, चार वेळा. हे काम करताना मशीनचा प्लग काढलेला असावा आणि शेवटी साध्या पाण्यानं इतकं विसळावं की लिटमस कंटाळला पाहिजे. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर अ‍ॅसिडच्या नादी लागण्याआधी बनवणाऱ्याचं पुस्तक वाचावं, कारण अ‍ॅसिड तिथं थरासोबत भांडंही खातं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तर ताकच सोडलं. घरच्या आरओला एक स्क्रू असतो, लोक त्याला टीडीएस कंट्रोलर म्हणतात. पडद्यातून गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळायची ती सोय. आरओवाल्या पोराला बोलावून सांगितलं, स्क्रू पूर्ण बंद कर, मला एकदम शुद्ध पाणी पाहिजे. त्यानं टीडीएसचं पेन बुडवून अभिमानानं दाखवलं: ९. बोअरचं पाणी याच पेनवर ७८० दाखवायचं. मला वाटलं, जिंकलो.

कॉफी मात्र कडक आंबट झाली, जिभेच्या कडा आवळून घेणारी. आणि दहाव्या दिवशी सकाळी मशीन चालू केल्यावर पंप थांबेचना. खर्‌र्‌र्‌ आवाज चालूच. वाफेची नळी उघडली तर वाफेऐवजी उकळत्या पाण्याची धार. बॉयलर गळ्यापर्यंत भरला होता. बंद करून तासभर समोर बसलो तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. बॉयलरमधली पाण्याची पातळी एक पोलादी काडी ओळखते. पाणी काडीला टेकलं की पाण्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह जातो आणि पंप थांबतो. पण क्षारच नसलेलं पाणी वीज वाहून नेईल कशानं? मशीनच्या दृष्टीनं बॉयलर रिकामाच होता, म्हणून ते भरत राहिलं. शुद्ध पाणी वीज वाहत नाही, हे मी मुलांना बल्ब लावून दाखवतो. दर वर्षी, पहिल्या सत्रात.

याच पाण्याचा दुसरा दोष सावकाश कळतो. आरओचा पडदा क्षार अडवतो, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्याला अडवता येत नाही. म्हणून ते पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि त्याला सावरून धरणारं बायकार्बोनेट तर मागंच राहिलेलं असतं. असं पाणी तांब्या-पितळेला हळूहळू चाटत राहतं. थर धरणारं पाणी मशीन बुजवतं, उपाशी पाणी मशीन खातं. कुणी हुशारी करून बॅटरीचं पाणी वापरत असेल तर तेही याच वर्गातलं. आणि ते पिण्यासाठी बनवलेलंच नसतं, त्यामुळे ते विसरावंच.

त्या शनिवारी मी तीन बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत गेलो. बोअर, नळ, आरओ. बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल होऊन गेलं होतं, ब्युरेटा अजून ओल्या होत्या. पन्नास मिलिलिटर बोअरचं पाणी चंबूत घेतलं, बफर घातलं, अमोनियाचा वास नाकात गेला. एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट टाकली आणि पाणी पिकल्या जांभळासारखं लालसर झालं. ब्युरेटमधून ईडीटीए सोडायला लागलो. दहा मिलिलिटर गेलं, लाल. पंधरा, लाल. वीस, लालच. बाविसाव्याला कडेनं निळी छटा येऊन गेली, मी तोटी आवळली. मग थेंब, थेंब, थेंब. तेविसाव्याला सगळा चंबू एकदम आकाशी. या मोजणीत एक मिलिलिटर म्हणजे २०, म्हणजे जडपणा ४६० मिलिग्रॅम प्रतिलिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात इष्ट मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमचं पाणी चालवून घेण्यातलं. मिथिल ऑरेंजनं अल्कलाइनिटी काढली, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. ती ३८० आली. क्लोराइड १४० च्या घरात. आरओच्या पाण्याला तर ईडीटीएचा पहिला थेंब पडला आणि ते निळं होऊन बसलं.

तेव्हा समजलं की पेनवरचा आकडा मला काहीच सांगत नव्हता. टीडीएस म्हणजे एकूण विरघळलेलं काय आहे त्याचा अंदाज. मिठाचं पाणी असो की चुन्याचं, पेनला ते सारखंच. मशीनला आणि कॉफीला विचारायचे प्रश्न दोनच: जडपणा किती आणि अल्कलाइनिटी किती. थर धरतो तो या दोघांच्या संगनमतानं. कॉफीतलं आम्ल मारते ती अल्कलाइनिटी. माझी पहिली बोथट कॉफी म्हणजे ३८० अल्कलाइनिटीनं गिळलेला आंबटपणा होता, आणि दुसरी आंबट कॉफी म्हणजे गिळायला कुणी नसण्याचा परिणाम. तिसरी चौकशी क्लोराइडची. ते उकळून जात नाही, अ‍ॅसिडनं धुऊनही काढता येत नाही आणि स्टेनलेस स्टीललासुद्धा बारीक भोकं पाडतं.

अमेरिकेतल्या कॉफी संघटनेचं एक जुनं कोष्टक आहे: टीडीएस १५० च्या आसपास, ७५ ते २५० चालेल, अल्कलाइनिटी ४० च्या जवळ, क्लोरीन शून्य. ब्रिटनमधला एक कॉफीवाला मॅक्सवेल कोलोना-डॅशवुड आणि रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन यांनी २०१५ साली फक्त कॉफीच्या पाण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुलीनं त्यातलं सार मला फोनवर समजावलं. मी तिला म्हटलं, तुझ्या आजीनं लिहिलं असतं तर डाळीवर लिहिलं असतं.

हिशेब केला. एक भाग बोअर, नऊ भाग आरओ. जडपणा ४६, अल्कलाइनिटी ३८, क्लोराइड १४. कोष्टकात बसत होतं. वेगळं मिसळायचीही गरज नव्हती. जो स्क्रू बंद करून घेतला होता तोच थोडा उघडायचा. पेनवर ८५ येईपर्यंत मीच फिरवला आणि टायट्रेशननं खात्री केली. त्या हिवाळ्यातली कॉफी मी विसरणार नाही. पहिल्यांदा मुलीला फोन करून म्हटलं, "करवंदासारखी लागतेय." ती पलीकडून ओरडलीच.

पण बोअरचं पाणी म्हणजे कारखान्यातून येणारा माल नव्हे. एप्रिलमध्ये पातळी खाली गेली तसं पाणी जड होत गेलं. स्क्रू तोच, पण जडपणा ७२ वर गेला. त्यात बॉयलरचा स्वभाव असा की वाफ एकटी बाहेर पडते, क्षार आत राहतात. दूध फेसाळायला वाफ काढली की आतलं पाणी थोडं आणखी घट्ट होतं. टाकीत ७२ असेल तर बॉयलरमध्ये महिन्याभरानं किती होईल, हे ज्यानं बंब ठोकलाय त्याला सांगायला नको. काडी बाहेर काढून पाहिली तर तिच्यावर पिठासारखी पांढरी साय.

म्हणून शेवटचा उपाय. जडपणा येऊच द्यायचा नाही, पण अल्कलाइनिटी ठेवायची. स्क्रू पुन्हा बंद, पेनवर ९. आणि त्या पाण्यात खाण्याचा सोडा. सोडियम बायकार्बोनेटच्या ८४ मिलिग्रॅमनं लिटरमागं ५० अल्कलाइनिटी मिळते. चिमटीनं एवढं मोजता येत नाही, म्हणून आधी आठ ग्रॅम सोडा एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून काचेच्या बाटलीत ठेवतो. मशीनच्या टाकीत पाणी भरताना लिटरमागं त्यातलं दहा मिलिलिटर, औषधाच्या सिरिंजनं. पेन ५५ दाखवतं, अल्कलाइनिटी ५२ येते, ईडीटीएचा पहिलाच थेंब निळा. कॅल्शियमच नाही, तर थर कशाचा धरणार? पातळीच्या काडीला वीज मिळते, तांब्याला आम्ल लागत नाही. काही लोक सोड्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट घेतात, लिटरला १०० मिलिग्रॅम. त्यानं सोडियम वाढत नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली आहे, पण प्रयोगशाळेतलं रसायन खाण्यासाठी नसतं. सोडा किराणा दुकानात मिळतो.

चवीत मी थोडं गमावलं. मॅग्नेशियम-कॅल्शियम असलेलं ते हिवाळ्यातलं पाणी कॉफीला जास्त मानवायचं, हे मान्य. पण करवंदाच्या चवीपायी दर उन्हाळ्यात बॉयलर उघडायची माझी तयारी नाही. कॅफेवाल्याला असेल, त्याच्याकडं कारागीर असतो.

सोड्याची बाटली भरत होतो तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"काय करू राहिलास रे?"

"मशीनच्या पाण्यात सोडा टाकतोय."

"एवढ्यासाठी दीड वर्ष लागलं?" आई म्हणाली. "मी डाळीत तेच टाकत नव्हते का?"

तिचं बरोबर होतं. कॅल्शियम डाळीच्या पेशीभिंतींतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. सोडा ती पकड ढिली करतो. रसायन वेगळं, पण शत्रू तोच.

तिची एक तक्रार मात्र अजून मिटलेली नाही. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर नळीतून सोडून देतो. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या मराठवाड्यात मी कॉफीसाठी पाणी ओतून देतोय, हे तिला पटत नाही. मलाही पटत नाही. नळीखाली बादली ठेवली आहे. ते पाणी बोअरच्या सव्वा-दीडपट जड असतं, झाडांना नको म्हणून ओटा आणि संडास धुवायला जातं. फरशीवर पांढरे डाग पडतात, ते पुसतो मी. मशीनला रोज लागतं जेमतेम लिटरभर, एवढाच काय तो दिलासा.

आता रविवारचं काम ठरलेलं आहे. गरम पाण्याच्या तोटीतून पाव-अर्धा लिटर सोडून द्यायचं, म्हणजे बॉयलरमध्ये साठलेलं घट्ट पाणी निघून जातं. काडी पाहायची. ईएलसीबीचं चाचणीचं बटण दाबायचं. महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत पन्नास मिलिलिटर. आरओचा पडदा म्हातारा झाला की पेनचा आकडा चढायला लागतो, एवढ्यापुरतं ते पेन कामाचं आहे.

परतूर, मंठा, सेलू या बाजूला कुणी असं मशीन घेतलं असेल किंवा घेणार असेल, तर आधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. जवळच्या विज्ञान महाविद्यालयातही विनंती केली तर कुणी नाही म्हणत नाही. फक्त जडपणा, अल्कलाइनिटी आणि क्लोराइड हे तीन आकडे मागा. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, बोअर आधी पाच मिनिटं चालू द्या आणि बाटली काठोकाठ भरून आणा. वर हवा राहिली तर आकडे बदलतात.